गोमंतकातील कॅथलिक पंथ आणि जातिव्यवस्था : प्रॉटेस्टंट मिशन व बौद्ध धम्म यांच्या संदर्भात

प्रास्ताविक

बाप्तिस्मा घेतलेल्या सर्व व्यक्ती ईश्वरासमोर समान आहेत, ही ख्रिस्ती धर्माची मूलभूत शिकवण आहे. भारतात मात्र या शिकवणीची गाठ जातिव्यवस्थेशी पडली. या गाठीतून काय निष्पन्न झाले, हे केवळ धर्मग्रंथांवरून ठरविता येत नाही. त्यासाठी धर्मांतर कोणी, केव्हा व कोणत्या मार्गाने केले, हे पाहावे लागते. प्रस्तुत लेखात गोमंतकातील कॅथलिक समाजाचा या दृष्टीने विचार केला असून तुलनेसाठी प्रॉटेस्टंट मिशन व 1956 चे बौद्ध धर्मांतर यांचा आधार घेतला आहे.

गोमंतकातील धर्मांतराचे स्वरूप

1510 मध्ये अफोंसो द आल्बुकेर्क याने गोवा जिंकला. 1542 मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्यात आला आणि 1560 मध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश व साष्टी या तालुक्यांतील देवळे पाडण्यात आली व त्यांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळविण्यात आले. हा इतिहास सर्वपरिचित आहे. त्या मानाने एका गोष्टीकडे अभ्यासकांव्यतिरिक्त इतरांचे लक्ष कमी जाते, ती म्हणजे गावकरी संस्था. गावच्या जमिनीची सामाईक मालकी व कारभार गावकरांकडे असे. 1526 च्या 'फोराल'मध्ये पोर्तुगीज शासनाने गावकरांचे हे परंपरागत अधिकार लेखी स्वरूपात मान्य केले होते. पुढे गावकरांनी धर्म बदलला. परंतु गावकरी राहिली. जमिनीवरील हक्क आणि गावातील मान यांचा आधार जन्म हाच राहिला. देऊळ जाऊन तेथे चर्च आले, तरी त्या चर्चमधील मानपानाचा क्रम जुन्या गावाचाच होता.

परिणामी ख्रिस्ती झालेल्या समाजात बामण, चारडो व सुदिर असे वर्ग कायम राहिले. रोटीबंधने सैल झाली, बेटीबंधने मात्र टिकली. चर्चशी संलग्न 'कोंफ्रारी' म्हणजे बंधुसंघ हे याचे ठळक उदाहरण होय. अनेक गावांत उच्च जातींची व खालच्या जातींची कोंफ्रारी वेगळी असे, मिरवणुकीतील झग्यांचा रंगही वेगळा असे आणि ग्रामदैवताच्या जागी आलेल्या संताचे फेस्त साजरे करण्याचा अधिकार गावकर कुटुंबांकडे राहत असे. पूर्वीच्या जत्रेतील मानाची ही पुढील आवृत्तीच म्हणावी लागेल.

धर्मगुरूपदाच्या बाबतीत दुहेरी भेद होता. युरोपीय संन्यासी संघांची दारे एतद्देशीयांना जवळजवळ बंद होती आणि धर्मप्रांतीय धर्मगुरूपद प्रामुख्याने बामणांच्या वाट्याला येई. दिवाडी येथील मातेउश द कास्त्रू यांना गोव्यात डावलले गेल्यामुळे रोमला जावे लागले. 1637 मध्ये ते बिशप झाले. वर्णभेदाविरुद्ध त्यांनी आयुष्यभर संघर्ष केला. परंतु तो गोऱ्यांच्या वर्चस्वाविरुद्धचा संघर्ष होता, जातीविरुद्धचा नव्हे. संत जोसेफ वाझ यांनी 1685 मध्ये ज्या ओरेटरी संघात प्रवेश केला तोही बामणांचा होता. श्रीलंकेत प्राण धोक्यात घालून सेवा करणाऱ्या या धर्मगुरूच्या थोरवीला त्याने उणेपणा येत नाही, पण संस्थेची चौकट लक्षात येते.

रोमचे धोरण

ही केवळ स्थानिक तडजोड होती, असे मानता येत नाही. मदुरा येथे रॉबर्तो द नोबिली या जेझुइटाने जानवे, शेंडी व गंध ही सामाजिक चिन्हे आहेत, धार्मिक नव्हेत, असा युक्तिवाद केला. 1623 मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी तो मान्य केला. 1744 मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी मलबार विधींना आळा घातला आणि परियांच्या घरी जाऊन संस्कार देण्याचा आग्रह धरला. परंतु त्यातून मार्ग म्हणून परियांसाठी स्वतंत्र मिशनरी नेमण्यात आले. इकडे गोव्यात 1736 च्या इन्क्विझिशनच्या हुकूमनाम्याने अंगणातील तुळस लावण्यास व हिंदू पद्धतीने मिठाविना भात शिजविण्यासही बंदी केली. मदुरेत शेंडी चालते, गोव्यात तुळस चालत नाही! या दोन टोकांमध्ये एक साम्य आहे : श्रेणीला कोणीच हात लावला नाही.

भाषेच्या क्षेत्रात मात्र कॅथलिक पंथाने या भूमीकडून मनमोकळेपणाने घेतले, तेही फार काळ नव्हे. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये राशोल येथे छापले गेले. जुनी पुराणे बंद केली, तर त्यांच्या जागी दुसरी का देत नाही, ही नवख्रिस्त्यांची मागणी या ग्रंथातच नोंदली आहे. ओवी हा छंद स्वीकारून स्टीफन्स यांनी तिला उत्तर दिले. 1684 च्या शासकीय आदेशाने मात्र स्थानिक भाषेच्या वापरावरच बंदी घातली.

प्रॉटेस्टंट मिशन व दख्खनचा अनुभव

प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांची भूमिका एकोणिसाव्या शतकात कठोर झाली. 1833 मध्ये कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमधून जात पूर्णपणे काढून टाकण्याचा आदेश दिला. तेव्हा तंजावरमधील अनेक वेल्लाळ ख्रिस्त्यांनी चर्च सोडले. आदेशाने जात गेली नाही. परंतु जात हे पाप आहे की रूढी, हा प्रश्न तरी उघडपणे विचारला गेला. अमेरिकन मराठी मिशनचे अहमदनगरमधील कार्य 1831 पासूनचे असून तेथील बहुसंख्य धर्मांतरित महार व मांग समाजातील होते.

त्याच जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेझुइट आले. तेथील कॅथलिक समाजही मुख्यतः दलित मूळ असलेला आहे. गावकर नाहीत, कोंफ्रारींची उतरंड नाही. पंथ तोच, पण समाजरचना निराळी. त्यामुळे गोमंतकातील जातिभेदाचे कारण कॅथलिक सिद्धांतात शोधण्यापेक्षा, जमीनधारक वर्गासह गावेच्या गावे धर्मांतरित होण्याच्या प्रक्रियेत शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. चर्चची जबाबदारी त्याने संपत नाही. तीन शतकांच्या सत्तेत तुळशीवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेला वेगळे बाक दिसत नव्हते, असे म्हणता येणार नाही.

1956 चे धर्मांतर व कायद्याचा प्रश्न

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर विस्ताराने लिहिले असून धर्मांतरानंतरही जात त्यांच्यामागे राहिली, याकडे लक्ष वेधले आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे झालेल्या दीक्षेत बावीस प्रतिज्ञांद्वारे जुन्या श्रद्धांचा स्पष्ट त्याग होता. तेथे सोबत नेण्यासारखी गावकरी नव्हती आणि जपण्यासारखा मानही नव्हता. हा फरक निर्णायक आहे.

कायद्याने मात्र वेगळीच विभागणी केली. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित होता. 1956 मध्ये शिखांचा व 1990 मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. दलित ख्रिस्ती बाहेर राहिले. 1985 मध्ये सूसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, धर्मांतरानंतरही तितकेच सामाजिक मागासलेपण टिकून असल्याचा पुरेसा पुरावा नाही, असे सांगून याचिका फेटाळली. म्हणजे ख्रिस्ती धर्मात जात नाही, या गृहीतकाचा भार ज्यांनी चर्चमध्येच जात अनुभवली त्यांच्यावर पडला. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर 2016 मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमधील जातिभेदाची कबुली दिली. 2022 मध्ये केंद्र शासनाने या प्रश्नासाठी माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगासमोर जो पुरावा मागितला गेला, त्याचा मोठा भाग पॅरिशच्या दप्तरांत व दफनभूमीच्या वाटपात नोंदलेला आहे.