चुना आणि खाजणाची माती

आमच्या किनाऱ्याला चुन्याचा अनुभव दुहेरी आहे. १६८० साली शिवाजी महाराजांनी अलिबागच्या समुद्रातील कुलाबा किल्ल्याचे काम सुरू करविले, तेव्हा तटाचे चिरे चुन्यावाचून रचले. लाटेचे पाणी फटींत शिरून तिचा जोर मोडावा, हा हेतू.

रस्तेवाल्यांना मात्र तोच चुना हवासा वाटला. खाजणाच्या चिकणमातीतील सोडियमला हटवून चुन्यातील कॅल्शियम त्याची जागा घेतो. लोण्यासारखी माती भुसभुशीत होते, मग सावकाश सिमेंटासारखी बांधली जाते. इंडियन रोड्स काँग्रेसने १९७३ मध्ये अशा मिश्रणाचे निकष प्रसिद्ध केले.

पण चुना कालवायला माती हाती तर लागली पाहिजे! न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. तिथला चिखल कित्येक मीटर खोल. तेथे उभ्या निचरापट्ट्या खुपसून, वर भरावाचे ओझे देऊन पाणीच पिळून काढावे लागले.

याच उरण तालुक्यात, नव्या मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्याकरिता झगडताना जानेवारी १९८४ मध्ये पाच जण गोळीबारात बळी पडले. त्यांच्या पूर्वजांनी खाजणाला बांध घालून, पावसाने मीठ धुऊ देऊन भात पिकविले होते. रसायन कसले ते त्यांना लागलेच नव्हते.