मोगल लाइन : हज आणि कोकण या दोन जलमार्गांवरील शासकीय प्रवासी वाहतूक

प्रास्ताविक

भारतातील सार्वजनिक उपक्रमांच्या इतिहासलेखनात पोलाद, कोळसा, बँका आणि रेल्वे यांच्याकडे अभ्यासकांचे जितके लक्ष गेले, तितके प्रवासी नौकानयनाकडे गेलेले नाही. भारतीय नौवहन महामंडळाचा विचार झाला तोही प्रामुख्याने मालवाहतूक, टनभार आणि परकीय चलनाची बचत या अंगांनी. डेकवर सतरंजी अंथरून प्रवास करणाऱ्या उतारूला या इतिहासात फारशी जागा मिळाली नाही. मोगल लाइन लिमिटेड या कंपनीचा वृत्तान्त या दृष्टीने उद्बोधक आहे. १८७७ मध्ये मुंबईत स्थापन झालेली, १९६० मध्ये शासनाच्या नियंत्रणाखाली आलेली आणि १९८६ मध्ये नौवहन महामंडळात विलीन झालेली ही कंपनी दोन भिन्न उतारूवर्गांची वाहक होती. एक, जेद्दाला जाणारे हज यात्रेकरू. दुसरा, कोकण किनाऱ्यावर ये-जा करणारा चाकरमानी. शासनाने दोन्ही मार्गांवरील जहाजे हाती घेतली. ती कोणत्या अटीवर चालवायची आणि तोटा कोणी सोसायचा, हा प्रश्न मात्र अखेरपर्यंत अनिर्णीत राहिला. प्रस्तुत लेखात या अनिर्णीततेचा मागोवा घेतला आहे.

उगम आणि हजची वाहतूक

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर तांबड्या समुद्रातील आगबोटींची वर्दळ वाढली आणि हज यात्रेचे स्वरूप पालटले. शिडाच्या गलबतांवरील अनिश्चित प्रवासाच्या जागी ठरावीक मुदतीचा प्रवास आला. या वातावरणात १८७७ मध्ये बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. मुंबईच्या बोलीत 'मोगल' हा शब्द इराणहून आलेल्या शिया व्यापाऱ्यांसाठी रूढ होता. डोंगरीतील १८६० ची मोगल मशीद ही त्याची आजही दिसणारी खूण. १९३८ मध्ये कंपनीने 'मोगल लाइन' हे नाव धारण केले, त्याकडे पाहताना दिल्लीच्या तख्तापेक्षा डोंगरीचा हा संदर्भ अधिक जवळचा मानावा लागतो. तोपर्यंत कंपनीचे व्यवस्थापन टर्नर मॉरिसन या ब्रिटिश एजन्सी हाउसकडे गेलेले होते. नाव मुसलमानी, यात्रेकरू हिंदी आणि व्यवस्थापन ब्रिटिश अशी ही रचना होती.

वसाहतकालीन शासनाने या वाहतुकीचे नियमन केले, पण ती स्वतः चालविण्याची जबाबदारी घेतली नाही. जहाजावर किती माणसे घ्यावीत, पाणी किती असावे, वैद्य असावा की नसावा, याविषयी कायदे झाले. १८८२ पासून तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर यात्रेकरूंना संसर्गप्रतिबंधासाठी अडकून राहावे लागे. १८८६ च्या सुमारास थॉमस कुक या प्रवासकंपनीकडे यात्रेची व्यवस्था सोपविण्याचा प्रयोगही झाला. तो दहा वर्षेही टिकला नाही. सर्वांत चिवट प्रश्न परतीच्या तिकिटाचा होता. एकेरी तिकिटावर गेलेले निर्धन यात्रेकरू जेद्दात अडकून पडत. परतीचे तिकीट सक्तीचे करावे तर शासन धर्मकार्यात ढवळाढवळ करते असा आक्षेप येई. न करावे तर त्यांना परत आणण्याचा खर्च अंगावर येई. वाहतूक खासगी कंपनीच्या हाती आणि तिचे सामाजिक ओझे सरकारच्या दारी, अशी ही परिस्थिती होती. पुढील काळातील पेचाचे बीज येथेच दिसते.

१९३७ मध्ये वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने या मार्गावर प्रवेश केला. 'एल मदिना' आणि 'एल हिंद' ही तिची जहाजे. स्वदेशी नौवहनाच्या चळवळीचा हा एक भाग होता, आणि मोगल लाइनने त्यास भाडे उतरवून उत्तर दिले. काही काळ यात्रेकरूंना अभूतपूर्व स्वस्ताई लाभली. १९४४ मध्ये सिंदियाची दोन्ही जहाजे नष्ट झाली. 'एल मदिना' बंगालच्या उपसागरात पाणतीराने, तर 'एल हिंद' १४ एप्रिलच्या मुंबई गोदीतील स्फोटात. फाळणीनंतर कराचीच्या यात्रेकरूंची वाहतूक पाकिस्तानकडे गेली आणि मुंबई-जेद्दा मार्गावर मोगल लाइनचे वर्चस्व निर्वेध झाले. 'मोहम्मदी' व 'मुझफ्फरी' ही तिची जहाजे याच काळात बांधली गेली.

शासकीय नियंत्रण आणि चांद्र पंचांग

१९५९ मध्ये हज समितीचा नवा कायदा झाला आणि त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने यात्रेकरूंसाठी दहा व शंभर रुपयांच्या खास 'हज नोटा' काढल्या. परकीय चलनाच्या टंचाईमुळे यात्रा ही आता चलननियंत्रणाचीही बाब झाली होती. लगोलग १९६० मध्ये शासनाने मोगल लाइनचे बहुसंख्य भाग आपल्याकडे घेतले. ऑक्टोबर १९६१ मध्ये ईस्टर्न व वेस्टर्न या दोन शासकीय नौवहन कंपन्या एकत्र करून भारतीय नौवहन महामंडळ स्थापन झाले, तेव्हा मोगल लाइन मात्र वेगळी कंपनी म्हणून ठेवण्यात आली. हा निर्णय सूज्ञपणाचा होता. हजची वाहतूक ही इतर नौवहनासारखी नव्हती.

तिचे अर्थशास्त्र समजून घेण्यासाठी पंचांगाकडे वळावे लागते. हिजरी वर्ष चांद्र असून त्यात अधिक मास नाही; त्यामुळे हजचा दिवस दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. १९६० मध्ये हज जूनच्या प्रारंभी होता, १९७४ मध्ये जानेवारीच्या प्रारंभी, १९८६ मध्ये ऑगस्टच्या मध्यास. म्हणजे काही वर्षे यात्रा अरबी समुद्र शांत असताना पडे, तर काही वर्षे ऐन नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत, जेव्हा हाच आठवडाभराचा प्रवास डेकवरील वृद्ध यात्रेकरूंना असह्य होई. दुसरी अडचण रिकाम्या फेऱ्यांची होती. हजपूर्वी सर्व उतारू एकाच दिशेने जातात आणि हजनंतर एकाच दिशेने परततात. त्यामुळे जेद्दाला यात्रेकरू उतरवून जहाज रिकामे परते आणि त्यांना आणण्यासाठी पुन्हा रिकामे जाई. हंगाम संपल्यावर उतारूंच्या सोयींसाठी बांधलेले जहाज मालवाहतुकीत शुद्ध मालवाहू जहाजाशी स्पर्धा करू शकत नसे. जाणाऱ्या बहुतेकांनी आयुष्यभराची पुंजी वेचलेली असल्याने भाडेवाढीलाही मर्यादा होत्या. अशा व्यवसायात नफा झालाच तर तो व्यवस्थापनाचे कसब मानावे लागेल, आणि तोटा झाल्यास तो हिशेबनीसाचा दोष ठरत नाही.

१९७१ मध्ये अशा जहाजांविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९७३ च्या पूरक मसुद्याने प्रत्येक उतारूस द्यावयाच्या जागेचे निकष ठरले. उतारूच्या दृष्टीने ही प्रगतीच होती. जुन्या जहाजांच्या मालकाला मात्र तेवढ्याच डेकवर कमी तिकिटे विकणे क्रमप्राप्त झाले. १९७१ मध्ये बांधलेले 'अकबर' हे जहाज ताफ्यात आले खरे, पण १९७३ मध्ये 'सौदी' हे जहाज सोमालियानजीक बुडाले. त्याच वर्षी कंपनीच्या पुढ्यात दुसरी जबाबदारी येऊन पडली.

कोकण बोट

मुंबई ते गोवा या किनाऱ्यावरील उतारू वाहतूक एकोणिसाव्या शतकापासून खासगी कंपन्यांकडे होती. त्यांत शेफर्ड कंपनी व तिच्या परंपरेतील बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन प्रमुख होती. तिला शह देण्यासाठी स्वदेशीच्या काळात निघालेली सहकारी कंपनी लोकांत 'माझी आगबोट कंपनी' म्हणून ओळखली गेली. या सहकारी कंपनीची 'रामदास' ही बोट १७ जुलै १९४७ रोजी रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पुढे सिंदियाशी झालेल्या एकत्रीकरणानंतर १९५३ मध्ये बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन नव्या रूपात उभी राहिली, पण साठच्या दशकात तिनेही माघार घेतली. मुक्तीनंतरच्या गोव्यातील चौगुले समूहाने ही सेवा हाती घेतली आणि तीही दीर्घकाळ परवडली नाही.

१९७३ मध्ये संसदेने कोकण प्रवासी जहाजे (संपादन) अधिनियम संमत केला व ही वाहतूक मोगल लाइनकडे आली. कोकण किनाऱ्यावरील प्रवाशांच्या गरजा अधिक चांगल्या रीतीने भागविणे हा त्याचा घोषित हेतू होता. तथापि अधिनियमाच्या शीर्षकात संपादन आहे ते जहाजांचे. राष्ट्रीयीकरणाच्या त्या दशकात मालकी बदलली की हेतू आपोआप साधेल असा एक सार्वत्रिक विश्वास होता, आणि हा अधिनियम त्याचा लहानसा पण नेमका नमुना आहे.

'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' ही नावे रत्नागिरी व सिंधुदुर्गातील एका पिढीच्या स्मरणात आहेत. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटणारी बोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत दुसऱ्या दिवशी पणजीस पोहोचे. अनेक ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि पडाव येऊन माणसे, ट्रंका, फणस, आंब्याच्या पेट्या उतरवून घेत. गिरणगावातील चाकरमान्याच्या दृष्टीने ही बोट म्हणजे घर आणि पगार यांमधील दुवा होती. खाड्यांनी तुटलेल्या या प्रदेशात एकेका खाडीला वळसा घालून रस्त्याने जाणे हे साठच्या दशकापर्यंत दिव्यच होते.

शासकीय ताब्यात आल्यावर बोटीपुढे तीन अडचणी एकदम उभ्या राहिल्या. १९७३ च्या अखेरीस जागतिक तेलाच्या किमती काही महिन्यांत सुमारे चौपट झाल्या. खाड्यांवर पूल होत गेले आणि राज्य परिवहनाची रातराणी गावाच्या वेशीपर्यंत पोहोचली. तिसरी अडचण ऋतूची होती आणि तिची चर्चा क्वचितच होते. बोट मेअखेरीस बंद होई व पावसाळा सरल्यावर, सप्टेंबरात सुरू होई. चाकरमान्याचा सर्वांत मोठा प्रवास मात्र गौरी-गणपतीचा, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरचा. त्याने वर्षातील सर्वांत निकडीचा प्रवास एस.टी.ने करावा आणि उरलेल्यासाठी बोटीवर निष्ठा ठेवावी, ही अपेक्षा अवास्तव होती. होळी आणि मे महिन्याची गर्दी बोटीला मिळाली, तरी तेवढ्यावर दोन जहाजांचे वर्ष निघत नाही.

मोगल लाइनची कोंडी येथे पूर्ण होते. सत्तरच्या दशकात हज हिवाळ्यात पडत होता. म्हणजे कंपनीचे दोन्ही हंगाम एकाच काळात आले आणि पावसाळ्यात दोन्ही ताफे थंडावले. दशकभराने हज पावसाळ्यात सरकला, पण तोवर यात्रेकरूंचा ओढा विमानाकडे वळलेला होता. राज्य शासनाची एस.टी. आणि केंद्र शासनाची बोट हे एकाच उतारूसाठी एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते आणि दोघांच्या तिकिटांचा, वेळापत्रकांचा एकत्रित विचार करण्याची यंत्रणा नव्हती.

विलीनीकरण आणि नंतर

१९८६ मध्ये मोगल लाइन भारतीय नौवहन महामंडळात विलीन झाली. कागदोपत्री हा सुसूत्रीकरणाचा निर्णय होता. प्रत्यक्षात, प्रवासी वाहतूक हेच प्रमुख काम असलेली संस्था नाहीशी होऊन ते काम एका प्रचंड मालवाहू संस्थेचा किरकोळ विभाग बनले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कोकण बोट बंद पडली. श्रीलंकेतील शांतिसेनेच्या कामासाठी जहाजे वळविल्याने ती बंद झाली असे सामान्यतः सांगितले जाते. ते तात्कालिक कारण म्हणून ग्राह्य धरले तरी शांतिसेना १९९० मध्ये परतल्यावर ही सेवा पुन्हा सुरू झाली नाही, ही बाब अधिक बोलकी आहे. त्याच वर्षी कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, आणि २६ जानेवारी १९९८ पासून मार्ग संपूर्ण खुला झाला.

याच्याशी अंदमानची तुलना उपयुक्त ठरते. नौवहन महामंडळाने अंदमानची प्रवासी जहाजे अनेक वर्षे चालविली. हजसाठी आलेले 'अकबर'ही पुढे त्या मार्गावर गेले. तेथील वाहतूकही तोट्याचीच होती. परंतु पोर्ट ब्लेअरला रस्ता जाऊ शकत नसल्याने तो तोटा शासनाने प्रशासनाचा खर्च मानला. कोकणात तसे मानण्याची निकड कोणालाच वाटली नाही, कारण किनाऱ्यावरील गावांना गैरसोयीचा का होईना, पण रस्ता मिळालेला होता. तुटल्या त्या बंदराबंदरांच्या गाठी. मुसाकाजीहून देवगडला समुद्रमार्गे जाणारा माणूस या नव्या व्यवस्थेत मुंबईच्या दिशेने धावणाऱ्या महामार्गावर आधी चढतो आणि मग उतरतो.

हजची जहाजे त्यानंतर काही वर्षे चालली. १९९५ मध्ये 'अकबरी' या जहाजाची मुंबई-जेद्दा वाहतूक थांबविण्यात आली आणि सर्व यात्रेकरू विमानाने जाऊ लागले. त्यांच्या विमानभाड्यावरील अनुदान हा पुढे राजकीय वादाचा विषय झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ते दहा वर्षांत संपुष्टात आणण्याचा आदेश दिला व शासनाने ते २०१८ मध्ये बंद केले. त्या वादात समुद्रमार्गाचा उल्लेख स्वस्त पर्याय म्हणून वारंवार झाला. २०१८ च्या जानेवारीत सौदी अरेबियाने यात्रेकरूंना पुन्हा जहाजाने पाठविण्यास तत्त्वतः संमती दिल्याचे शासनाने जाहीर केले, तेव्हा या कामासाठी बांधलेले आणि राखलेले एकही भारतीय जहाज उरलेले नव्हते.