एका डोकेदुखीचा इतिहास

अब्बा गेले आणि इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपता संपता अम्मीचं डोकं दुखू लागलं. कपाळाला घट्ट फडकं बांधून ती भाकऱ्या थापायची. तपासण्यांत काही निघालं नाही. दुःखाबद्दल ती बोललीच नाही. डोकं दुखतंय, एवढंच. पुढे बऱ्याच वर्षांनी एक पुस्तक हाती आलं आणि अम्मीसारखी शंभर माणसं मला चीनमध्ये भेटली.

१९८० साली आर्थर क्लाइनमन हे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ पत्नी जोन यांच्यासह हूनान प्रांतातल्या चांगशा शहरी गेले. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी १०० रुग्ण तपासले. तक्रारी बहुतेक शरीराच्याच. डोकं दुखतं, झोप लागत नाही, चक्कर येते, अंगात त्राण नाही. सगळ्यांच्या कागदावर निदान एकच : 'शन्जिंग श्वायरुओ', म्हणजे मज्जातंतूंचा अशक्तपणा.

आता या निदानाची गंमत ऐका. ते मूळचं चिनी नव्हेच. न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉर्ज बिअर्ड यांनी १८६९ मध्ये 'न्यूरास्थेनिया' हा आजार मांडला. वाफेची यंत्रं, तारायंत्र, नियतकालिकं, विज्ञान आणि स्त्रियांची बौद्धिक धडपड यांनी नसांमधली शक्ती खर्ची पडते, असं त्यांचं म्हणणं. (रविवारच्या पुरवणीचं नाव त्यांनी घेतलं नाही, हे आपलं नशीब!) हा शब्द जपानमार्गे चीनला पोहोचला आणि तिथलाच होऊन गेला. अमेरिकेत मात्र तो म्हातारा झाला. १९८० सालीच तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या अधिकृत यादीतून त्याला काढून टाकलं.

क्लाइनमन यांच्या कसोट्यांनुसार त्या १०० पैकी ८७ जणांना नैराश्याचा आजार होता. मग ते तसं सांगत का नव्हते? पौर्वात्यांना मनाची भाषाच येत नाही, असं म्हणणारे पंडित होते. दोन ओळी लिहिणाऱ्या माणसाला हे पटणं शक्य नाही. खरं कारण त्या माणसांच्या मागच्या दहा-पंधरा वर्षांत होतं. १९६६ ते १९७६ सांस्कृतिक क्रांती चालली. घरं मोडली, शिकलेली माणसं खेड्यांत धाडली गेली, नवरा एका गावी आणि बायको दुसऱ्या. त्या काळात 'मी उदास आहे' म्हणणं म्हणजे आपले विचार चुकल्याची कबुली देणं. डोकेदुखीला राजकीय मत नसतं. तिच्या नावाने रजा मागता येई, बदलीसाठी अर्ज करता येई. क्लाइनमन यांनी नैराश्यावरची औषधं दिली, पुष्कळांना उतारही पडला. पण नकोशी नोकरी आणि दुरावलेला संसार जिथे तसाच राहिला, तिथे दुखणं पुरतं हटलं नाही.

आज चिनी शहरांत नैराश्याला 'यीयूजंग' हा शब्द रुळला आहे. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही न्यूरास्थेनिया वेगळा आजार म्हणून उरलेला नाही.

आपण तरी काय बोलतो? काळजात धस्स होतं, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात. अम्मी म्हणायची, "जी घबराता है." हा 'जी' कुठल्या एक्स-रेत दिसायचा?

मी मात्र रोज तिला गोळी घेतली का, एवढंच विचारत राहिलो. अब्बांची आठवण येते का, हे विचारायला मलाही कधी जमलं नाही.