मेल स्लेटर

मेल स्लेटर हे आभासी वास्तव (व्हर्च्युअल रिॲलिटी) आणि मानव-संगणक आंतरक्रिया या क्षेत्रांतील संशोधक आहेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ते आभासी पर्यावरण या विषयाचे प्राध्यापक होते. पुढे बार्सिलोना विद्यापीठात त्यांनी मेंदूविज्ञानाच्या संशोधक मावी सांचेझ-व्हिव्हेस यांच्यासह दीर्घकाळ संशोधन केले. समोरचे दृश्य संगणकनिर्मित आहे हे ठाऊक असूनही माणूस त्याला खऱ्यासारखा प्रतिसाद का देतो, हा त्यांच्या संशोधनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. २००५ मध्ये त्यांना आयईईई या संस्थेचा आभासी वास्तव क्षेत्रातील कारकीर्द पुरस्कार मिळाला.

उपस्थितीची संकल्पना

आभासी जगात 'आपण तेथे आहोत' असे वाटण्याला या क्षेत्रात 'प्रेझेन्स' म्हणजे उपस्थितीची जाणीव असे म्हणतात. स्लेटर यांनी ही जाणीव आणि 'इमर्शन' यांत स्पष्ट भेद केला. दृश्याची व्याप्ती, चित्राची स्पष्टता, डोके वळवताच दृश्य बदलण्याचा वेग इत्यादी यंत्रणेचे मोजता येणारे गुण इमर्शनमध्ये येतात. उपस्थिती मात्र वापरकर्त्याच्या अनुभवाचा भाग आहे. या भेदामुळे यंत्रणेतील कोणत्या बदलाचा अनुभवावर काय परिणाम होतो, हे प्रयोगाने तपासता येऊ लागले.

२००९ मध्ये त्यांनी उपस्थितीच्या जाणिवेचे दोन घटक मांडले. 'आपण त्या ठिकाणी आहोत' हा स्थानाभास आणि 'जे घडते आहे ते खरोखर घडते आहे' हा सत्याभास. पहिला घटक मुख्यतः शरीराच्या हालचालींना दृश्याची साथ मिळण्यावर अवलंबून असतो. दुसऱ्यासाठी आभासी जगातील घटनांनी वापरकर्त्याची दखल घेणे आणि त्या त्याच्या अपेक्षांशी जुळणे आवश्यक असते. दोन्ही घटक साधले, तर माणूस प्रत्यक्षातल्यासारखाच प्रतिसाद देतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

मोजमापाचा प्रश्न

मार्टिन उसोह आणि अँथनी स्टीड यांच्यासह स्लेटर यांनी १९९० च्या दशकात उपस्थिती मोजणारी प्रश्नावली तयार केली. तिन्ही संशोधकांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ती 'एसयूएस' या नावाने ओळखली जाते. तिचा वापर रूढ झाल्यानंतर, २००४ मध्ये, स्वतः स्लेटर यांनीच केवळ प्रश्नावलीवर विसंबण्यास आक्षेप घेतला. 'तुमचा दिवस किती रंगीत होता?' अशा निरर्थक प्रश्नालाही लोक गुण देतात आणि त्या गुणांतून संगतवार निष्कर्ष काढता येतात, हे त्यांनी दाखवले. म्हणून हृदयगती, त्वचेची विद्युतवाहकता आणि प्रत्यक्ष वर्तन यांच्या नोंदींवर त्यांनी भर दिला.

महत्त्वाचे प्रयोग

२००६ मध्ये स्लेटर व सहकाऱ्यांनी स्टॅनली मिलग्रॅम यांचा १९६० च्या दशकातील आज्ञापालनाचा प्रयोग आभासी रूपात केला. ३४ सहभागींना एका आभासी स्त्रीच्या चुकीच्या उत्तरांसाठी विजेचे धक्के देण्यास सांगण्यात आले. तिला पाहू व ऐकू शकणाऱ्या २३ जणांनी, केवळ लिखित संवाद साधणाऱ्या ११ जणांपेक्षा अधिक अस्वस्थता दर्शवली. खऱ्या माणसांवर नैतिक कारणांमुळे जे प्रयोग करता येत नाहीत, त्यांचा अभ्यास या मार्गाने शक्य असल्याचे त्यातून दिसले.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पुरुष सहभागींना आभासी मुलीचे शरीर देण्यात आले. त्या शरीराच्या डोळ्यांतून पाहिल्यास ते आपलेच असल्याचा भास दृढ होतो, असे आढळले. २०१३ मधील एका प्रयोगात लहान मुलाच्या आभासी शरीरात असलेल्या प्रौढांना वस्तू प्रत्यक्षाहून मोठ्या वाटल्या.

उपयोग

कौटुंबिक हिंसाचार करणाऱ्या पुरुषांना आभासी प्रसंगात पीडित स्त्रीच्या जागी ठेवणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रियांच्या चेहऱ्यावरील भीती ओळखण्यात हे पुरुष आरंभी कमी पडत होते. अनुभवानंतर त्यांची ही क्षमता सुधारली. दुसऱ्या एका प्रयोगात सहभागींनी स्वतःची अडचण सांगून, नंतर सिग्मंड फ्रॉइड यांच्या आभासी शरीरातून स्वतःलाच सल्ला दिला.

मर्यादा आणि नैतिक प्रश्न

वर्णविषयक पूर्वग्रहांसंबंधीचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. कृष्णवर्णीय आभासी शरीर धारण केलेल्या गोऱ्या सहभागींमधील सुप्त पूर्वग्रह घटल्याचे स्लेटर यांच्या गटाला २०१३ मध्ये आढळले. मात्र त्यापूर्वी, २००९ मध्ये, अमेरिकेतील व्हिक्टोरिया ग्रूम, जेरेमी बेलेन्सन व क्लिफर्ड नास यांना उलट परिणाम दिसला होता. आभासी प्रसंग नकारात्मक असल्यास पूर्वग्रह घटत नाही, असे स्लेटर यांच्याच गटाने २०२० मध्ये नोंदवले. केवळ शरीर बदलणे पुरेसे नसून भोवतालची सामाजिक परिस्थितीही निर्णायक ठरते, असा त्याचा अर्थ होतो.

त्याच वर्षी स्लेटर व सहकाऱ्यांनी आभासी अनुभव अधिकाधिक वास्तवसदृश होण्यातील धोक्यांवर लेख प्रसिद्ध केला. आभासी प्रसंगाला शरीर व मन खऱ्यासारखा प्रतिसाद देत असतील, तर त्यातून होणारी हानीही खरी असू शकते. त्यामुळे या तंत्राची उपयुक्तता आणि त्याच्या वापरकर्त्यांविषयीची जबाबदारी हे दोन्ही प्रश्न स्लेटर यांच्या संशोधनात एकाच मुळातून पुढे येतात.