पावणेदोन शिलिंगांसाठी

शुक्रवार, ३१ जुलै १९३१, लंडन

संसदेला सुट्टी लागली आणि सर जॉर्ज मे यांच्या समितीचा अहवाल बाहेर आला. मे यांची हयात विमा कंपनीत गेलेली. त्यांच्या हिशेबाने ब्रिटनच्या अंदाजपत्रकात १२ कोटी पौंडांची तूट पडणार होती. त्यावर उपाय म्हणजे ९ कोटी ६५ लाखांची खर्चकपात, आणि त्यातले ६ कोटी ६५ लाख एकट्या बेकारांच्या खात्यावर. करवाढीतून आणायचे फक्त २ कोटी ४० लाख. समितीतल्या मजूर पक्षाच्या दोघा सदस्यांनी वेगळा अहवाल लिहिला. तो कोण वाचतो?

एक गोष्ट मात्र तेव्हा फारशी कुणी बोलत नव्हतं. जुनं कर्ज फेडायला दरवर्षी बाजूला काढायची सुमारे ५ कोटींची रक्कमही या तुटीतच धरली होती. ती एक वर्ष थांबवली असती, तर जवळजवळ निम्मं भूत कागदावरच उतरलं असतं.

मे महिन्यात व्हिएन्नाची क्रेडिटआन्स्टाल्ट बँक कोसळली होती, जुलैत जर्मनीच्या बँकांना टाळी लागली. आता परदेशी ठेवीदार लंडनकडे वळले. पौंड द्या नि सोनं घ्या, असा तो काळ. मे अहवालाने त्यांना कारण हातात दिलं.

मंगळवार, ११ ऑगस्ट

मजूर पक्षाचे पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड स्कॉटलंडमधल्या लॉसीमाउथहून सुट्टी मोडून परतले. बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर मॉन्टेग्यू नॉर्मन आजारी, कारभार उपगव्हर्नर हार्वी यांच्याकडे. फ्रान्स आणि अमेरिकेकडून उसने आणलेले ५ कोटी पौंड वितळू लागले होते. आणखी हवे असतील, तर आधी अंदाजपत्रक जुळलेलं दाखवा, असा सूर.

अर्थमंत्री फिलिप स्नोडन यांनी नवा आकडा काढला. पुढच्या वर्षीची तूट १२ नव्हे, १७ कोटी. साधारण निम्मी करांतून भरायची, निम्मी खर्च कापून. ऐकायला किती समंजस!

गुरुवार, २० ऑगस्ट, दुपार ते रात्र

कामगार संघटनांचे पुढारी डाउनिंग स्ट्रीटवर आले. सिट्रिन आणि बेव्हिन यांनी सरळ नकार दिला. बेकारभत्त्याला हात लावू नका. ज्यांचं उत्पन्न व्याजावर चालतं त्यांच्यावर कर बसवा, कर्जफेडीचा निधी थांबवा, सर्वांनी ऐपतीप्रमाणे भार उचलावा. आयातीवर जकात बसवून पैसा उभा करायला खुद्द मंत्रिमंडळातल्या बहुतेकांची तयारी होती. पण स्नोडन मुक्त व्यापाराचे कट्टर भक्त, ते हटले नाहीत. म्हणजे करवाढीची एक अख्खी वाट मजूर पक्षाच्याच अर्थमंत्र्याने बुजवली. हा भाग पुढे लोक सोयीने विसरतात.

शनिवार, २२ ऑगस्ट

मंत्रिमंडळ ५ कोटी ६० लाखांच्या कपातीपर्यंत आलं होतं. हुजूर आणि उदारमतवादी पुढाऱ्यांना ते पुरेसं वाटेना. अल्पमतातल्या सरकारला त्यांची मनधरणी करणं भाग होतं. दिवसभराच्या बैठकांतून एक चोरवाट निघाली: आणखी २ कोटी कापले, त्यात बेकारभत्ता १० टक्क्यांनी उतरवला, तर न्यूयॉर्कचे सावकार पैसे देतील का, एवढं फक्त विचारून पाहायचं. मान्यता कुणी दिली नाही, विचारायला परवानगी दिली. सरकारं अशीच घसरतात.

बेकारभत्त्याच्या त्या १० टक्क्यांतून वाचणार होते सव्वा कोटीच्या आत-बाहेर. १७ कोटींच्या तुटीत सव्वा कोटी. आता दुसऱ्या बाजूने पाहू. काम नसलेल्या पुरुषाला आठवड्याला १७ शिलिंग मिळत, ते १५ शिलिंग ३ पेन्स होणार. कपात पावणेदोन शिलिंगांची. बायकोचे ९ चे ८ होणार. पोराचे दोन शिलिंग तेवढे वाचले. दोन पोरांच्या घरात ३० शिलिंगांऐवजी २७ शिलिंग ३ पेन्स यायचे. अशी माणसं देशात २७ लाखांच्या घरात होती.

रविवार, २३ ऑगस्ट, सकाळी १०.३०

राजे पंचम जॉर्ज बालमोरलहून रात्रीच्या गाडीने परतले. मॅकडोनाल्ड राजवाड्यावर गेले आणि सांगून आले की हेंडरसनसारखे मंत्री राजीनामे देतील, सरकार टिकणार नाही.

दुपारी १२.३०

राजाला आता विरोधी पुढाऱ्यांना भेटायचं होतं. हुजूर पक्षाचे बाल्डविन कुठे सापडेनात. ते क्लबात जेवायला गेले होते. म्हणून आधी उदारमतवाद्यांचे हर्बर्ट सॅम्युएल भेटले. त्यांनी सुचवलं की कपात मजूर पक्षाच्याच पंतप्रधानाच्या हातून झालेली बरी, कामगार ती सोसतील. सगळ्या पक्षांचं राष्ट्रीय सरकार करा आणि मॅकडोनाल्डना वर बसवा. बाल्डविन तीन वाजता आले, तोवर कल्पना राजाच्या मनात बसली होती.

संध्याकाळी ७

मंत्रिमंडळ जमलं, पण ज्यावर बोलायचं तेच आलेलं नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये दुपारचे दोन. रविवार असूनही जे. पी. मॉर्गन पेढीचे भागीदार एकत्र बसून मजकूर ठरवत होते. जगातल्या सर्वांत मोठ्या साम्राज्याचे मंत्री १० डाउनिंग स्ट्रीटच्या मागच्या बागेत येरझारा घालत तारेची वाट पाहत राहिले.

रात्री ९ च्या सुमारास

हार्वी तार घेऊन आले. मॅकडोनाल्डनी ती जवळजवळ हिसकावून घेतली आणि आत धावले. जाहीर कर्जरोखे इतक्यात नाहीत, अल्पमुदतीचं कर्ज जमेल, पण या योजनेला बँक ऑफ इंग्लंडचा आणि लंडनच्या ‘सिटी’ या बँकवस्तीतल्या पेढ्यांचा मनापासून पाठिंबा आहे ना, अशी विचारणा तारेत होती. पैसे देणाऱ्याने तारण विचारावं यात वावगं काहीच नाही. पण निवडून आलेल्या मंत्र्यांना ते ऐकताना काय वाटलं असेल? बाहेर थांबलेल्या हार्वींना आतला गलका ऐकू आला.

कपातीच्या बाजूने ११, विरुद्ध ९. मोजणीत पंतप्रधान जिंकले होते. पण हेंडरसन, क्लाइन्स, लान्सबरी, ग्रॅहम यांच्यासारखे नऊ जण विरुद्ध गेल्यावर त्या बहुमताला अर्थ नव्हता.

रात्री सव्वादहाच्या सुमारास

मॅकडोनाल्ड पुन्हा राजवाड्यावर, सगळ्यांचे राजीनामे द्यायला. राजाने समजूत घातली: देशाला या पेचातून काढू शकाल असे तुम्हीच.

सोमवार, २४ ऑगस्ट, दुपारी १२

सकाळी दहाला राजासमोर तिन्ही पक्षांचे पुढारी बसले आणि राष्ट्रीय सरकार ठरलं. दुपारी मॅकडोनाल्डनी सहकाऱ्यांना सांगितलं की सरकार गेलं, मी मात्र राहतोय. चार वाजता रीतसर राजीनामा दिला गेला. मजूर पक्षाने त्यांना नंतर काढून टाकलं, आणि ‘बँकवाल्यांचा कट’ हा शब्दप्रयोग ब्रिटिश राजकारणात कायमचा शिरला. मला कट दिसत नाही. सावकाराला काय आवडेल याचा अंदाज बांधत बसलेली माणसं दिसतात.

गुरुवार, १० सप्टेंबर

न्यूयॉर्क आणि पॅरिसहून ८ कोटी पौंड मिळाले होते. स्नोडन नव्या सरकारचेही अर्थमंत्री. आयकर पौंडामागे साडेचार शिलिंगांवरून पाच, बिअर, तंबाखू आणि पेट्रोल महाग, बेकारभत्ता १० टक्के कमी, शिक्षकांना १५ टक्क्यांची कात्री. कर आणि कपात, दोन्ही आलं. अंदाजपत्रक अखेर जुळलं.

मंगळवार, १५ सप्टेंबर, सकाळी ८, इन्व्हरगॉर्डन

स्कॉटलंडच्या क्रोमार्टी खाडीत अटलांटिक आरमार नांगरून उभं होतं. जुन्या वेतनश्रेणीतल्या खलाशांचा रोज चार शिलिंगांवरून तीनवर येणार, म्हणजे सरळ २५ टक्के. अधिकाऱ्यांची टक्केवारी पुष्कळ कमी. अनेकांना हे वरिष्ठांकडून नव्हे, वर्तमानपत्रातून कळलं. लग्न झालेल्यांची घरं हप्त्यावरच्या फर्निचरवर आणि आठवड्याच्या उधारीवर चाललेली. रविवारी आणि सोमवारी किनाऱ्यावरच्या कॅन्टीनमध्ये सभा झाल्या. मंगळवारी सकाळी सरावासाठी नांगर उचलायचे होते. ‘व्हॅलियंट’, ‘रॉडनी’, ‘नेल्सन’, ‘हूड’वरचे खलाशी डेकवर जमले आणि जागचे हलले नाहीत. एका जहाजावरून जयघोष उठला की दुसऱ्यावरून त्याला साद.

हिंसा झाली नाही. दुसऱ्या दिवशी जहाजं घरच्या बंदरांकडे पाठवली गेली आणि कपात पुढे १० टक्क्यांपर्यंत आणली. पण बातमी परदेशात गेली ती अशी: इंग्लंडच्या आरमारात बंड! ज्या कपातीने सावकाराचा विश्वास बसायचा होता, तिनेच तो उडवला.

शुक्रवार, १८ सप्टेंबर

एका दिवसात सुमारे १ कोटी ८० लाख पौंड बाहेर. जुलैच्या मध्यापासून लंडनमधून गेलेली रक्कम २० कोटींच्या वर. उसने आणलेले १३ कोटी संपल्यातच जमा.

सोमवार, २१ सप्टेंबर

शेअर बाजार बंद. संसदेने एका दिवसात कायदा केला: बँक ऑफ इंग्लंड यापुढे पौंडाच्या बदल्यात सोनं देणार नाही. ज्या प्रलयाच्या भीतीने सरकार गेलं, तो आला. पौंड ४.८६ डॉलरवरून वर्षअखेरीस साडेतीनच्याही खाली उतरला. आणि ब्रिटनमध्ये झालं काय? १९२३ च्या जर्मनीसारखी नोटांची पोती भरावी लागली नाहीत. निर्यातीला थोडा श्वास मिळाला, पुढच्या वर्षी व्याजदर खाली आले. पावणेदोन शिलिंग मात्र कापलेलेच राहिले, ते १९३४ मध्ये परत मिळाले.

त्याच दिवसांत गोलमेज परिषदेसाठी गांधीजी, डॉ. आंबेडकर, बॅ. जयकर लंडनमध्येच होते. रुपयाचं काय करायचं, हे त्यांना विचारून ठरणार नव्हतं. २४ सप्टेंबरला तो १ शिलिंग ६ पेन्सांनी पौंडालाच बांधला गेला. पौंड घसरला तसा रुपयात सोन्याचा भाव चढला. मंदीत धान्याला भाव नव्हता, सारा आणि सावकार दारात होते. शेतकऱ्याने घरातलं सोनं मोडायला काढलं. गावच्या सराफाकडून झवेरी बाजार, तिथून मुंबई बंदरात बोटीवर. पुढच्या काही वर्षांत शेकडो कोटी रुपयांचं सोनं असं गेलं आणि लंडनच्या तिजोरीला बळ मिळालं.

सरकारी अंदाजपत्रक इथेही जुळवायचं होतंच. हिंदुस्थान सरकारचे अर्थसदस्य शुस्टर यांनी सप्टेंबरअखेर नोकरांचे पगार १० टक्के कापले आणि बहुतेक करांवर २५ टक्के अधिभार लावला. पोस्टकार्ड अर्ध्या आण्याचं पाऊण आणा झालं. दांडीयात्रेला जेमतेम दीड वर्ष होत होतं, आणि मिठाच्या मणामागचा कर सव्वा रुपयावरून १ रुपया ९ आण्यांवर गेला. ब्रिटनमधल्या बेकारांचे पैसे परत मिळाले त्या वर्षीही तो अधिभार चालूच होता.