सदुसष्ट घरांचा पट

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुपटीने चढत जायचे. चौसष्ट घरे भरता भरता राजाचे कोठार रिते झाले. त्या पटाला आणखी तीन घरे जोडली, तर एकूण दाणे होतील १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. एकवीस आकडी संख्या! आज मी सांगणार आहे तो हिचाच इतिहास.

घरे दोन असली तर बेरीज ३, तीन असली तर ७, पाच असली तर ३१. या सर्व मूळ संख्या आहेत. एक व स्वतः यांवाचून त्यांना कोणी भागू शकत नाही. पण अकरा घरांची बेरीज २०४७ आणि ती २३ गुणिले ८९ आहे. म्हणजे केव्हा मूळ आणि केव्हा नाही, हे सहजी कळत नाही. मारँ मर्सेन या फ्रेंच पाद्र्याने १६४४ साली २५७ घरांपर्यंतची यादीच जाहीर केली. तीत ६७ होते. सिद्धता दिली नव्हती, पण माणूस मोठा. त्याचा शब्द दोनशे वर्षांहून अधिक काळ चालला.

१८७६ साली एद्वार लुका या फ्रेंच गणितज्ञाने दाखवून दिले की ही संख्या मूळ नव्हे. गंमत अशी की तिचा एकही अवयव त्याला सापडला नव्हता! युनियनच्या हिशेबात असे पुष्कळदा होते. जमाखर्च जुळत नाही हे सिद्ध होते, पैसा कोठे गेला ते समजत नाही. तरीही लुकाची बुद्धी मला या सर्वांत मोठी वाटते.

मग अवयव शोधायचे कसे? एक नियम हाताशी होता: या संख्येचा कोणताही अवयव १३४ च्या पटीहून एकाने अधिक असलाच पाहिजे. १३५, २६९, ४०३ अशी ती रांग. लहान अवयव या रांगेत चौदा लाख पंचेचाळीस हजार पाचशे ऐंशीव्या जागी बसला होता. एकेक भागून पाहणाऱ्याचा जन्म सरला असता. आणखी गाळण्या लावाव्या लागल्या.

ते काम कोलंबिया विद्यापीठाच्या फ्रँक नेल्सन कोल यांनी केले. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या सभेत ते फळ्यापाशी गेले. एका बाजूस दोनाच्या सदुसष्टाव्या घातातून एक वजा केला. दुसऱ्या बाजूस १९,३७,०७,७२१ ला ७,६१,८३,८२,५७,२८७ ने हातानेच गुणले. उत्तरे जुळली. अवाक्षर न बोलता ते जागेवर जाऊन बसले, असे सांगतात. किती दिवस लागले, असे पुढे कोणी विचारले तेव्हा म्हणे उत्तर मिळाले, तीन वर्षांचे रविवार. (मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार मिळाला तो नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने, १८९० साली. माझे चौथीपुढचे शिक्षण रविवारीच झाले, म्हणून हे उत्तर मला फार आवडते.) आज संगणक हे अवयव क्षणात काढतो, पण तो गुणाकार कागदावर कोणालाही ताडून पाहता येतो.

मर्सेनची बाकीची यादी पुरती तपासून व्हायला १९४७ साल उजाडले. ६७ आणि २५७ चुकीचे निघाले. ६१, ८९ आणि १०७ तर त्याने घेतलेच नव्हते.