म्हाताऱ्या मोटारींचे जन्मदाखले

आपल्याकडे दिवाळीची धामधूम चालू असते त्याच सुमारास, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, लंडनच्या हाइड पार्कमध्ये भल्या पहाटे एक अजब मेळा भरतो. पितळी दिव्यांच्या, लाकडी चाकांच्या, काही तर सुकाणूच्या चाकाऐवजी नुसता दांडा असलेल्या शेकडो मोटारी तेथे खोकत, कण्हत उभ्या असतात. सूर्य उगवला की त्या ब्रायटनच्या समुद्राकडे निघतात. अंतर पन्नास-साठ मैलांचे. पहिला-दुसरा क्रमांक नाही. कोणी भरधाव जाऊ नये असा दंडकच आहे. तरीही या शर्यत नसलेल्या शर्यतीत कोणाला घ्यावे आणि कोणाला नाही, यावर खऱ्या शर्यतीत होत नाहीत एवढी भांडणे होतात.

मूळ प्रसंग १८९६ चा. १८६५ च्या इंग्रजी कायद्याने रस्त्यावरच्या यंत्रगाडीपुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालवावा लागे, आणि गावात वेग ताशी दोन मैल! पुढे निशाणाची सक्ती सैल झाली, पण पुढे चालणारा माणूस काही हटला नाही. १८९६ मध्ये नवा कायदा आला आणि वेगाची मर्यादा १४ मैलांवर गेली. त्या आनंदात १४ नोव्हेंबरला मोटारवाले लंडनहून ब्रायटनला निघाले. निघण्यापूर्वी न्याहारीच्या वेळी लॉर्ड विंचिल्सी यांनी एक लाल निशाण फाडून दाखवले. १९२७ साली या फेरीचे पुनरुज्जीवन झाले, आणि जुन्या मोटारींचा प्रश्नही तेव्हापासून सुरू झाला. जुनी म्हणजे किती जुनी?

आजचा नियम साधा आहे. १ जानेवारी १९०५ पूर्वी बनलेली गाडी आत, नंतरची बाहेर. डिसेंबरात जन्मलेली थोरली बहीण मिरवत ब्रायटनला जाते. जानेवारीत जन्मलेली धाकटी, तोच कारखाना, तेच नाकडोळे, घरी बसते. बाजारात दोघींच्या किमतींतही मोठा फरक पडतो. म्हणजे तारीख नुसत्या मानाची राहत नाही, पैशाची होते. आणि पैसा आला की दाखला आलाच.

आम्हा मास्तरमंडळींना यात नवल वाटत नाही. खेड्यापाड्यांतल्या जुन्या पटांवर निम्मा वर्ग एक जूनला जन्मलेला सापडतो. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराचे वय भरले पाहिजे; मग गुरुजींनीच तारीख ठोकून द्यायची. पुढे तेच पोर तालुक्याच्या कबड्डीत उतरले की समोरच्या शाळेचे मास्तर त्याचा दाखला उन्हात धरून न्याहाळतात.

मोटारींचे दाखले तपासण्याचे काम व्हेटरन कार क्लब करतो. तो १९३० साली स्थापन झाला. एंजिनावरचा आणि सांगाड्यावरचा क्रमांक, कारखान्याची जुनी सूचिपत्रे, स्प्रिंगांची घडण, असे सगळे पाहून जाणकार मंडळी वर्ष ठरवतात. नोंदणीचा क्रमांक फारसा उपयोगी पडत नाही, कारण इंग्लंडात नोंदणीची सक्तीच १९०४ च्या आरंभी आली. त्याआधीच्या गाड्यांनाही तेव्हाच क्रमांक मिळाले. कित्येक कारखाने तर केव्हाच बुडाले. नवा कागद सापडला की कधीकधी निकाल फिरतो, आणि आजवर आत असलेली गाडी बाहेर पडते.

दुसरी मर्यादा १९३० ची. व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब १९३४ साली निघाला तो फारसे श्रीमंत नसलेल्या शौकिनांसाठी. त्यांच्या मते १९३० नंतर ढिगाने निघालेल्या मोटारींत जुनी कारागिरी उरली नाही. मत वादग्रस्त, पण रेघ टिकली. पुढे १९३१ ते १९४० मधल्या निवडक गाड्यांना ‘व्हिंटेजोत्तर खानदानी’ अशा अर्थाचे बिरुद देऊन त्यांना ओसरीवर जागा दिली. कोण खानदानी आणि कोण नाही, यावर अर्थातच पुन्हा वाद. गरिबांच्या त्या क्लबातल्या कित्येक गाड्यांना आज गरिबांनी हातही लावू नये, हा काळाचा विनोद निराळा.

पण खरी मेख तारखेत नाही. ती आहे गाडीच्या देहात. १९२९ आणि १९३० ची ल मान्सची चोवीस तासांची शर्यत एकाच बेंटलीने जिंकली. तिचे नाव ‘ओल्ड नंबर वन’. पुढे तिच्यात आठ लिटरचे एंजिन बसले. १९३२ मध्ये ब्रुकलंड्सच्या शर्यतीत ती धावपट्टीचा उतार ओलांडून बाहेर गेली आणि चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला. मग ती पुन्हा बांधली, अंगावर वेगळीच बॉडी चढली. १९९० साली तिचा सौदा ठरला एक कोट पौंडांना. पण घेणारा म्हणाला, ही ती गाडी नव्हेच! जिंकणाऱ्या गाडीतले भाग यात उरले किती? मोजकेच. प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेले. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला की गाडी मूळ रूपात उरलेली नाही हे खरे, पण तिच्या आयुष्याचा धागा मध्ये कोठेही तुटलेला नाही. म्हणून तीच खरी ओल्ड नंबर वन.

मला हा निकाल पटतो. जी गाडी शर्यतीत धावली, तिचेच भाग झिजतात, मोडतात, बदलतात. मूळ कायम राहते ती बहुधा शेडमध्ये झाकून ठेवलेली. एकही पिस्टन न बदललेली गाडी ‘अस्सल’ आणि जिने जन्मभर धाव घेतली ती ‘भेसळ’, हा न्याय मला उलटा वाटतो. अर्थात कोणी गंजलेल्या क्रमांकाची पट्टी तेवढी उचलून तिच्याभोवती नवी गाडी रचू लागला, तर त्याला दारातच अडवायला हवे. नियम करणाऱ्यांची झोप उडते ती यानेच.

आपल्याकडे १९६४ पासून ‘स्टेट्समन’ दैनिकाच्या फेरीने जुन्या मोटारींचा शौक लोकांसमोर आला. सरकारचा नियम मात्र २०२१ चा. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, सांगाडा, बॉडी किंवा एंजिन यांत मोठा बदल न केलेली गाडीच व्हिंटेज. नव्या नोंदणीला तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे. हाच नियम उद्या त्या बेंटलीला लावला, तर ल मान्स दोनदा जिंकलेली ती गाडी आपल्या आरटीओच्या खिडकीशी काय उत्तर देईल, कोण जाणे.